डोक्याला मार लागल्यानंतरचं कॉलेज: कोल्हापुरात शिकायला येणाऱ्यांसाठी

माझा धाकटा भाऊ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गारगोटी रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. अकरा दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. दोन महिन्यांत तो हिंडू-फिरू लागला, जेवू लागला, हसू लागला. शेजारपाजारचे म्हणाले, "पोरगं वाचलं, अंबाबाईची कृपा." आम्हीही तेच म्हणत होतो. चौथ्या महिन्यात तो कॉलेजला गेला आणि पहिल्याच आठवड्यात एका दुपारी कॉटवर आडवा होऊन म्हणाला, "अक्का, सर बोलत्यात ते सगळं ऐकू येतंय, पण डोक्यात बसंना झालंय."

मी स्वतः कॉलेजात शिकवते. तरीही मी त्याला म्हटलं, "जरा मन लावून बस की." त्या वाक्याची टोचणी मला अजून आहे. मन लावण्याचा प्रश्नच नव्हता. हात मोडला की प्लॅस्टर दिसतं, लोक बसमध्ये जागा देतात. मेंदूची दुखापत अंगावर दिसत नाही, म्हणून ती कागदावर आणि वेळापत्रकात दाखवावी लागते. हे आम्हाला कळेपर्यंत त्याचं एक वर्ष गेलं. पुढे माझ्या वर्गात अशी आणखी मुलं आली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते. तुम्ही पहिल्या वर्षाला येत असाल, अपघातानंतर परत येत असाल, किंवा असं मूल कोल्हापुरात ठेवून गावी परतणार असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

पहिली पायरी: नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

मेंदूची दुखापत फक्त अपघातानं होते असं नाही. उंचावरून पडणं, पक्षाघात, मेंदूज्वर, गाठीची शस्त्रक्रिया, बुडताना किंवा हृदय थांबल्यामुळे मेंदूला प्राणवायू न मिळणं, या सगळ्यांनंतर शिकण्यात बऱ्याचशा सारख्या अडचणी येतात.

गाडीवरून पडल्यावर कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे-मागे हिंदकळतो. त्याचा पुढचा भाग आणि कानांजवळचे भाग हाडाच्या खडबडीत कडांवर आदळतात, आतले तंतू ताणले जातात. पुढच्या भागाकडे कामं आखणं, कामाला हात घालणं, राग आवरणं ही जबाबदारी असते, तर कानांजवळच्या भागांचा नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याशी संबंध असतो. माझ्या भावाला सातवीतल्या कविता तोंडपाठ होत्या, पण सकाळचं लेक्चर कशावर झालं ते दुपारी सांगता येत नव्हतं. आई म्हणायची, "कविता म्हणतोय की, मग अभ्यास का जमंना?" जुनं आठवणं आणि नवं साठवणं ही मेंदूची वेगळी कामं आहेत. पहिलं शाबूत राहून दुसरं अडखळू शकतं.

मुलांकडून ज्या तक्रारी ऐकते त्या साधारण अशा. सर तिसऱ्या वाक्यावर गेलेले असतात तेव्हा माझं पहिलं वाक्य कळून होतं. शब्द तोंडावर येतो पण निसटतो. पुस्तक उघडून बसलो तरी सुरुवातच होत नाही. ट्यूबलाइट आणि वर्गातला गलका सहन होत नाही. लवकर चिडतो, मग वाईट वाटतं. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे थकवा. हा थकवा शेतात राबल्यासारखा नसतो. चाळीस मिनिटं वाचलं की डोळ्यांपुढची अक्षरं नुसती अक्षरं राहतात, अर्थ लागत नाही, आणि जोर लावला तर पुढचा दिवसही वाया जातो. बुद्धी तीच असते, पण ती वापरायला लागणारा जोर लवकर संपतो.

डिस्चार्ज कार्डावर जीसीएस म्हणून एक आकडा असतो, ३ ते १५ मधला. कधी तो ई, व्ही, एम (डोळे उघडणं, बोलणं, हालचाल) असा तुकड्यांत लिहिलेला असतो. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. दवाखान्यात आणलं तेव्हा माणूस किती शुद्धीवर होता ते त्यावरून कळतं. पुढे अभ्यास जमेल की नाही, हे एकट्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तसंच "सीटी स्कॅन नॉर्मल आहे" म्हणजे अडचण नाही, असंही नाही. सौम्य दुखापतीत सीटी बऱ्याचदा नॉर्मलच येतो.

सौम्य मार लागलेली बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ववत होतात. त्यांनी पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि मग थोडं थोडं वाचन वाढवावं. मोठ्या दुखापतीत सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, पण ती तिथे थांबत नाही, वर्षानुवर्षं चालू राहते. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या सुरू झाल्या, झापड येऊ लागली, एका बाजूचा हात-पाय जड पडला, तर मात्र अभ्यासाचं बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

दुसरी पायरी: फाईल

प्लॅस्टिकची एक जाड फाईल घ्या. त्यात डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट, सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा.

या फाईलीत सगळ्यात उपयोगी पडणारा आणि नेमका बहुतेकांकडे नसलेला कागद म्हणजे मेंदूच्या कामकाजाचं मूल्यमापन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट काही तास बसवून लक्ष, वेग, स्मरण, आखणी यांच्या चाचण्या घेतात. शब्दांची यादी ऐकवून परत विचारतात, आकडे उलटे म्हणायला लावतात, आकृती बघून काढायला सांगतात. ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, एवढं विचारून घ्या. आपल्या न्यूरोसर्जननाच आधी विचारा, ते जवळचं नाव सुचवतात. गुंतागुंत जास्त असेल तर बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या संस्थेत यासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि कोल्हापूरहून बसनं एका रात्रीत तिथे पोचता येतं. चाचणी सकाळी ठेवा, शक्य असेल तर दोन बैठकांत. आणि अहवाल लिहिणाऱ्यांना सांगा की शेवटी कॉलेजसाठी सूचना लिहा: किती जादा वेळ, किती वेळानं विश्रांती, लेखनिक (आपण सांगू ते उत्तर लिहून देणारा) लागेल का. नुसते गुण असलेला अहवाल कार्यालयातल्या कुणालाच वाचता येत नाही.

आता दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल. इथे फार गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात "मेंदूची दुखापत" असा वेगळा प्रकार नाही. हे वाचून कितीतरी पालक परत फिरतात. तसं करू नका. दुखापतीमुळे काय उरलं आहे ते बघून प्रकार ठरतो. हात-पाय कमजोर राहिले असतील तर चलनवलन, बोलण्यावर परिणाम असेल तर वाचा आणि भाषा, नजरेचा एक भाग गेला असेल तर दृष्टी. मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, भावना आणि स्मृती यांतल्या मोठ्या बिघाडाचा उल्लेख आहे. एकापेक्षा जास्त असतील तर बहुविकलांगता. कोणत्या प्रकारात बसतं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही त्यांना सगळ्या अडचणी सांगा, नुसता लंगडणारा पाय दाखवून येऊ नका.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, त्यातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. तपासणीसाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. तिथे जाताना सोबत कुणाला तरी घ्या. गर्दी, रांगा, नावांचा पुकारा यात मेंदू दमलेलं मूल तासाभरात गप्प होतं, आणि डॉक्टरांपुढे "काही त्रास नाही" म्हणून मोकळं होतं. माझ्या भावानं हेच केलं होतं. म्हणून अडचणींची यादी घरीच मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि ती डॉक्टरांच्या हातात द्या.

प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या ५ टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सवलत लागू होते. ४० च्या खाली आलं म्हणून सगळं संपलं, असं मात्र नाही. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत बदल करावेत, जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, असं म्हटलं आहे, आणि तिथे ४० टक्क्यांची अट घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावणं चूक ठरवलं. त्यानंतर केंद्र सरकारनं १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यालयात कुणी "चाळीसच्या खाली चालत नाही" म्हणालं, तर आवाज न चढवता या दोन तारखा सांगा.

तिसरी पायरी: अर्ज, आणि तो कसा लिहायचा

प्रवेशाच्या पहिल्या पंधरा दिवसांत अर्ज द्या. परीक्षा महिन्यावर आल्यावर, किंवा नापास झाल्यावर दिलेला अर्ज कुणालाच नीट हाताळता येत नाही.

आपल्याकडे प्रत्येक अर्जाच्या शेवटी "तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही विनंती" असं लिहायची सवय आहे. ते वाक्य काढून टाका. सहानुभूती मागितली की सहानुभूतीच मिळते, टेबलामागचा माणूस "बरं बरं, बघू" म्हणतो. काय पाहिजे ते आकड्यांत मागा. मी मुलांना असा मजकूर देते:

"विषय: मेंदूच्या दुखापतीमुळे वर्गात व परीक्षेत आवश्यक असलेल्या सोयींबाबत. मी बी.ए. भाग २ चा विद्यार्थी असून माझा पीआरएन क्रमांक अमुक आहे. अमुक तारखेस अपघातात माझ्या मेंदूला दुखापत झाली. माझा वाचन-लेखनाचा वेग कमी झाला असून सलग ४० मिनिटांपेक्षा जास्त लक्ष टिकत नाही. मूल्यमापन अहवाल सोबत जोडला आहे. मला पुढील सोयी मिळाव्यात: परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ, कमी गर्दीची शांत खोली, दर तासाला ५ मिनिटे विश्रांती, जी लेखनाच्या वेळेत धरली जाऊ नये, लेखनिक, सबमिशनसाठी ७ दिवसांची मुदतवाढ, लेक्चर रेकॉर्ड करण्याची परवानगी."

तासाला २० मिनिटं हा आकडा मनाचा नाही. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ यापेक्षा कमी नसावा असं आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, आणि प्रत विभागप्रमुखांना. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी कॉलेजनं तो परीक्षा विभागाकडे पाठवायचा असतो, तो गेला का ते आठवड्यानं विचारा. आवक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" यावर विसंबू नका. भावाचा पहिला अर्ज असाच ठेवून आलो होतो. तो मिळालाच नाही, आणि आमच्याकडे पोच नव्हती.

अडवणूक झाली तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ती असावी लागते, आणि तिच्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल असतो. त्याही पुढे पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. पण बहुतेक वेळा गोष्ट एवढी लांबत नाही. एक शिक्षक गाठा. सगळ्यांना सगळं सांगत बसायची गरज नाही. ज्यांना तुमची फाईल माहीत आहे असे एक सर किंवा मॅडम प्रत्येक विभागात मिळतात, आणि बाकीच्यांशी तेच बोलतात. वर्गमित्रांना किती सांगायचं, हे तुमच्या मनावर. एक वाक्य पुरतं: "डोक्याला मार लागलाय, त्यामुळे मी लवकर दमतो आणि हळू लिहितो."

चौथी पायरी: खोली, मेस, पाऊस, गणपती

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग इथे एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. बाहेरगावचं पोर शिकायला आलं की आधी त्याच्या राहण्याचं बघायचं, ही या गावाची जुनी रीत आहे. तुमच्या बाबतीत ती अभ्यासाइतकीच महत्त्वाची आहे.

खोली कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. दिवसाचा जोर केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या गर्दीत आणि सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या कलकलाटात संपला तर वर्गात काय उरणार? रस्त्याकडची खोली नको. चार-पाच जणांच्या खोलीपेक्षा दोघांची बरी, आणि रूममेट रात्री दोनपर्यंत गप्पा मारणारा नको. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी लक्ष आणि स्मरण दोन्ही कोसळतात. मेस अशी निवडा जिथे वेळेच्या थोडं आधी जाऊन शांतपणे जेवता येईल. दुचाकी चालवायची की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका, फिट आलेली असेल तर मुळीच नाही. मित्राच्या मागे बसतानाही हेल्मेट डोक्यावरच पाहिजे. रंकाळा तलावावर संध्याकाळी जरूर जा, पण फिट येणाऱ्यानं पाण्यात उतरायचं नाही.

गोळ्यांचा साठा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला आणि रस्ते बंद झाले, तेव्हा औषधांसाठी लोकांची काय धावाधाव झाली ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. फिटच्या गोळीचा एखादा डोस चुकला तरी फिट येऊ शकते. जून ते सप्टेंबर किमान तीन आठवड्यांच्या गोळ्या खोलीत ठेवा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

गणपतीत, विशेषतः विसर्जनाच्या मिरवणुकीत, डॉल्बीचा दणका आणि लाइटचा लखलखाट असतो. ज्याला आवाज आणि उजेड सोसत नाही त्याच्यासाठी ते दोन-तीन दिवस फार कठीण. आम्ही भावाला त्या दिवसांत मामाच्या गावी पाठवायचो. त्याला वाईट वाटायचं, लहानपणापासून तो तालमीच्या मंडळात होता. मग तोडगा निघाला: आगमनाला सकाळी तासभर जायचं, कानात बोळे घालून, आरती करून परतायचं. आनंदाचं सगळंच काढून घेऊ नका.

पाचवी पायरी: वही

माझ्या मते या सगळ्यात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. खिशात मावणारी वही, एकच, आणि ती सतत जवळ. चार ठिकाणी चिठ्ठ्या लिहिल्या की चिठ्ठ्या कुठे आहेत ते विसरायला होतं.

भावाच्या वहीचं एक पान आत्ता माझ्यापुढे आहे. वर तारीख आणि वार. डावीकडे वेळ, मधे काम, उजवीकडे रिकामा चौकोन. "७.०० गोळी. ७.३० केमिस्ट्री, पान ४२ ते ४५, फक्त वाचायचं. ८.०० पडून राहणे. १०.१५ लेक्चर, पुढचा बाक. जर्नल पिशवीत? १.०० जेवण, झोप. ४.०० सकाळचं केमिस्ट्री अक्काला सांगणे." खाली लाल पेनानं: "आज लायब्ररीत डोकं जड झालं, वेळ ११.५०." ते शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. अशा तीन आठवड्यांच्या नोंदींवरून कळलं की त्याचा चांगला वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा आहे आणि दुपारचं प्रॅक्टिकल त्याला झेपत नाही. त्या नोंदी दाखवल्यावर विभागानं त्याची प्रॅक्टिकलची बॅच बदलून सकाळची दिली. तोंडी सांगून हेच काम दोन महिने अडलं होतं.

वही उघडायची आठवण कशानं राहणार? मोबाईलच्या अलार्मनं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे तीन अलार्म लावा, आणि अलार्मवर नुसतं "वही बघ" एवढंच लिहा. पहिला महिनाभर घरच्यांनी फोन करून विचारावं, "वहीत काय लिहिलंयस?" कामाची आठवण त्यांनी स्वतः करून देऊ नये. नाहीतर आईच वही होते.

कामाला सुरुवातच होत नसेल तर काम बारीक करा. "असाइनमेंट करणे" असं वहीत लिहिलं तर मेंदू तिथेच अडतो. "लॅपटॉप उघड, फाईलला नाव दे" असं लिहिलं तर हात हलतो.

सहावी पायरी: वर्ग आणि अभ्यास

पुढच्या बाकावर, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून बसा. ऐकणं आणि लिहिणं एकाच वेळी जमत नसेल तर लिहू नका, फक्त ऐका. एका मैत्रिणीच्या नोट्सचा फोटो रोज व्हॉट्सअॅपवर मागवा आणि तिला आधीच सांगून ठेवा की वर्षभर लागेल. रेकॉर्डिंगची परवानगी मिळाली तर पूर्ण लेक्चर परत ऐकत बसू नका, अडलेली पाच मिनिटं तेवढी ऐका.

घरी एक बैठक २० ते २५ मिनिटांची, मग दहा मिनिटं डोळे मिटून. या दहा मिनिटांत मोबाईल नको, रील बघणं ही मेंदूला विश्रांती नसते. आणि दमण्याच्या आधी थांबायचं. दमल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जायचं असेल तर सकाळी, गर्दी वाढायच्या आत.

धडा वाचताना आधी मथळे आणि आकृत्यांवरून नजर फिरवा. मग स्वतःला दोन-तीन प्रश्न लिहून काढा. मग वाचा. मग पुस्तक मिटून मोठ्यानं सांगा, भिंतीला सांगितलं तरी चालेल. शेवटी प्रश्नांची उत्तरं तपासा. तेच पुन्हा त्याच संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी. या तारखा वहीत आधीच टाकून ठेवा. एका रात्रीत दहा वेळा वाचण्यापेक्षा अंतर ठेवून चार वेळा आठवलेलं जास्त टिकतं. सगळ्यांच्याच बाबतीत ते खरं आहे, इथे तर त्याला पर्याय नाही.

एक सावधगिरी. स्मरणावर फार मोठा परिणाम झाला असेल तर "आठव बघू, अंदाज कर" असं लावून धरू नका. अशा मुलांच्या डोक्यात चुकीचा अंदाजच बसतो, कारण आपण चुकलो होतो हे त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांना आधी बरोबर उत्तर दाखवा, लगेच म्हणून घ्या, मग एक मिनिटानं, मग पाच मिनिटांनी. अडखळलं की ताबडतोब उत्तर द्या.

सगळे विषय एकदम घ्यायलाच हवेत असं नाही. पास झालेल्या विषयांची क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन खात्यात, सात वर्षांपर्यंत जमा राहतात. एखादं सेमिस्टर सोडून परत येण्यात कमीपणा नाही. पालकांना हे पटायला वेळ लागतो, आमच्या आण्णांना तर फार लागला.

रूममेटला सांगून ठेवायच्या गोष्टी

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला, आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, त्यानं काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन.

चिडचिड मेंदूच्या दुखापतीमुळे असू शकते, फिटच्या काही गोळ्यांमुळेही वाढते. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलता येतात. दारू पूर्ण वर्ज्य. मूल गप्प गप्प राहू लागलं, "मेलो असतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, फोन रूममेटनं लावला तरी चालतो. अपंगत्वासह जगण्याबद्दल बोलायला कुणी मोठं माणूस हवं असेल, तर नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था आपल्याच गावात आहे. तिचं काम मुख्यतः शारीरिक अपंगत्वाचं, पण त्या वाटेनं गेलेली माणसं तिथे भेटतात.

परीक्षा

लेखनिक तुम्ही स्वतः आणणार असाल तर २०१८ च्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं. म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीचा मुलगा चालायचा. सध्याचा नियम परीक्षा विभागात विचारून घ्या. मंजुरी मिळाली की काम झालं असं समजू नका, लेखनिकाबरोबर निदान चार वेळा जुना पेपर सोडवा. उत्तर बोलून सांगणं हे लिहिण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. आधी कच्च्या कागदावर तीन-चार शब्दांत मुद्दे, मग वाक्य पूर्ण सांगायचं, मग थांबायचं, तो लिहून होईपर्यंत पुढचं बोलायचं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा लेखनिक अकरावीतला होता. पहिल्या सरावात त्यानं "अर्थशास्त्र" हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा लिहिला. तिनं मग विषयातल्या चाळीस शब्दांची यादी करून त्याला आठवडाभर आधी दिली.

चार तासांचा पेपर दमलेल्या मेंदूला फार लांब असतो, म्हणून अर्जातली ती पाच-पाच मिनिटांची विश्रांती सोडू नका. सोपा प्रश्न आधी. पाण्याची बाटली, गोळीची वेळ, मंजुरीच्या पत्राच्या दोन प्रती. अर्धा तास आधी जाऊन केंद्रप्रमुखांना पत्र दाखवा, कारण वर्गावरच्या पर्यवेक्षकांना बहुतेक वेळा काही माहीत नसतं. पेपर झाल्यावर दारात उत्तरं जुळवत थांबू नका, सरळ खोलीवर जाऊन झोपा. दोन पेपरांमध्ये दिवस मोकळा असेल तर त्यातला पहिला अर्धा दिवस पुस्तक उघडायचं नाही.

शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या पेपरला किती वेळ पुरला, कुठे डोकं बंद पडलं. बहुतेक ठिकाणी सोयींची मंजुरी त्या त्या परीक्षेपुरतीच असते, म्हणून या दोन ओळी जोडून पुढच्या सेमिस्टरचा अर्ज सुट्टीला गावी जायच्या आधीच आवक विभागात देऊन या. शिक्का घ्यायला विसरू नका.